साखर नॉर्मल, इन्सुलिन चौपट: इन्सुलिन प्रतिरोध सुरू होतो कुठे?

दोन माणसांचे रक्ताचे रिपोर्ट शेजारी ठेवा. दोघांचीही उपाशीपोटीची साखर ९५. कागदावर दोघेही ठणठणीत. आता त्याच नमुन्यात इन्सुलिन मोजलं, तर पहिल्याचं निघतं ५ आणि दुसऱ्याचं २०. म्हणजे साखर त्याच आकड्यावर धरून ठेवायला दुसऱ्याचं स्वादुपिंड चौपट राबतंय. त्याने अजून हात टेकलेले नाहीत, एवढ्यासाठीच साखरेपुढे 'नॉर्मल' छापून आलंय.

हाच इन्सुलिन प्रतिरोध. नेहमीच्या इन्सुलिनला पेशी नेहमीइतकी दाद देत नाहीत, म्हणून तेवढ्याच कामाला जास्त इन्सुलिन लागतं. टाइप २ मधुमेहाचं निदान होतं, तोवर इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींची साधारण निम्मी कार्यक्षमता गेलेली असते, असा अंदाज ब्रिटनमधल्या एका मोठ्या, दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासातून आला. म्हणजे साखर वाढणं हा या प्रकरणातला बराच उशिराचा अंक आहे, आणि आपण नेमका तोच मोजत बसतो.

गोष्ट नवी नाही. काही मधुमेहींवर इन्सुलिनचा परिणाम होतो आणि काहींवर फारसा होत नाही, हे हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. १९६० मध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजायची रीत शोधली आणि कळलं की प्रौढपणी मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन भरपूर आहे. कमी पडत होता तो त्याचा प्रभाव. १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन यांनी वाढलेलं इन्सुलिन, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि कमी एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) यांची मोट एकत्र बांधली. आज आपण तिला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतो.

इन्सुलिन नेमकं काय सांगतं

'साखर पेशीत ढकलणारं संप्रेरक' ही इन्सुलिनची ओळख अपुरी आहे, आणि पुढचा बराच गोंधळ तिच्यातूनच होतो. इन्सुलिन हा 'अन्न आलंय, आता साठवा' असा निरोप आहे आणि तो प्रत्येक अवयवाला वेगळं काम सांगतो.

यकृतापासून सुरुवात करू. पूर्ण शरीराच्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे एक चमचा. एकटा मेंदू तासाभरात तेवढी फस्त करतो. उपाशी असताना ही भर यकृत घालत असतं; ७० किलोच्या माणसात तासाला साधारण ८ ग्रॅम. जेवण झालं की इन्सुलिन यकृताला सांगतं, आता पुरे, तुझा पुरवठा थांबव. स्नायूंना सांगतं, साखर आत घ्या. त्यासरशी स्नायूपेशीच्या आत राखून ठेवलेले ग्लूट-४ नावाचे वाहक पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोज आत ओढतात. चरबीच्या पेशींना सांगतं, बाहेरून इंधन आलंय, तुमचा साठा सोडू नका.

हे एकदा लक्षात आलं की एक नेहमीचं कोडं सुटतं. 'रात्री आठनंतर काहीच खाल्लं नाही, तरी सकाळी साखर ११५ कशी?' ती ताटातून आलेलीच नसते. यकृताने रात्रभर इन्सुलिनचं न ऐकता ती बनवलेली असते. उलट उपाशीपोटीची साखर ठीक आणि जेवणानंतरची चढी असेल, तर संशय आधी स्नायूंवर आणि जेवताक्षणी सुटणाऱ्या इन्सुलिनच्या पहिल्या लाटेवर घ्यावा.

कुलूप गंजलं, किल्ली फिरत नाही, असं एक उदाहरण सर्रास देतात. ते अर्धंच खरं आहे. बहुतेकांत कुलूप, म्हणजे पेशीवरचा इन्सुलिनचा ग्राहक, बऱ्यापैकी शाबूत असतो. बिघाड त्याच्या आतल्या बाजूला असतो: दारावरची घंटा दाबली जाते, पण आत जाणारी तार तुटलेली असते. ती तार तोडतं कोण, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे.

चरबी किती, यापेक्षा ती कुठे

लिपोडिस्ट्रॉफी नावाचा एक दुर्मीळ आजार आहे. त्यात शरीरात चरबीच्या पेशी जवळजवळ तयारच होत नाहीत. हातापायांच्या शिरा दिसाव्यात इतकी ही माणसं सडपातळ असतात. चरबी हेच इन्सुलिन प्रतिरोधाचं कारण असतं तर यांच्याइतकं निरोगी कुणीच नसतं. प्रत्यक्षात त्यांचा इन्सुलिन प्रतिरोध अत्यंत तीव्र असतो, यकृत चरबीने भरलेलं असतं आणि ट्रायग्लिसराइड काही वेळा हजारांत जातात.

आता दुसरं टोक. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची त्वचेखालची सुमारे १० किलो चरबी लायपोसक्शनने काढून टाकली. इन्सुलिनचा परिणाम, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड, काहीच सुधारलं नाही. तिसरा पुरावा औषधांचा. पायोग्लिटाझोन हे मधुमेहावरचं औषध घेतल्यावर वजन बहुधा दोन-तीन किलोंनी वाढतं, आणि तरीही इन्सुलिन प्रतिरोध कमी होतो. कारण ते त्वचेखाली नव्या चरबीपेशी तयार करायला मदत करतं आणि यकृतातली चरबी तिकडे हलते.

तिन्ही गोष्टी एकत्र मांडल्या की चित्र उलगडतं. त्वचेखालची चरबी हे शरीराचं धान्याचं कोठार आहे. जादा ऊर्जा तिथे सुरक्षित राहते. कोठार भरलं, किंवा मुळातच लहान असलं, की धान्य घरभर सांडतं: आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात. त्रास देतं ते हे सांडलेलं धान्य.

कोठाराचा आकार प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि त्यात आनुवंशिकतेचा हात मोठा आहे. रॉय टेलर या ब्रिटिश संशोधकांनी याला प्रत्येकाची स्वतःची 'चरबीची मर्यादा' म्हटलं. एखाद्याची मर्यादा १२० किलोलाही ओलांडली जात नाही. दुसऱ्याची ६५ किलोलाच ओलांडली जाते. म्हणून 'मी जाड नाही, मला कसा होईल?' हा दिलासा खोटा ठरतो. आशियाई वंशाच्या लोकांत कमी वजनालाच ही मर्यादा गाठली जाताना दिसते, म्हणूनच कंबरेच्या घेराची धोक्याची रेषा त्यांच्यासाठी वेगळी ठेवलेली आहे: पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर. मांड्या-नितंबांवरची चरबी मात्र त्यातल्या त्यात भली. रजोनिवृत्तीनंतर साठा तिथून पोटाकडे सरकतो, आणि त्याच सुमारास अनेक स्त्रियांचे रिपोर्ट बिघडू लागतात.

कोठार भरतं तेव्हा आत काय होतं? प्रौढपणी चरबीपेशींची संख्या फारशी बदलत नाही, त्यामुळे आहेत त्याच पेशी फुगतात. फुगलेल्या पेशीपर्यंत प्राणवायू नीट पोहोचत नाही, काही पेशी मरतात, आणि त्यांचा निचरा करायला मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात. त्यांच्याकडून टीएनएफ-अल्फासारखी दाह वाढवणारी रसायनं सुटतात, जी चरबीपेशीतली इन्सुलिनची तार आणखी कमकुवत करतात. आता चरबीपेशी 'साठा सोडू नका' हा निरोप ऐकेनाशी होते. रक्तात भरल्या पोटीसुद्धा फॅटी अॅसिड, म्हणजे चरबी फुटून सुटलेले घटक, वाहत राहतात. घरात नळ सुरू असताना टाकीही गळत राहावी, तशातली गत.

एक खुलासा इथेच करायला हवा. पोटाच्या आतली चरबी थेट यकृताच्या शिरेत फॅटी अॅसिड ओतते आणि तीच सगळ्याचं मूळ, असं ठामपणे सांगितलं जातं. पण यकृताकडे जाणाऱ्या फॅटी अॅसिडमध्ये तिचा वाटा लठ्ठ व्यक्तींतही सरासरी पाचव्या ते चौथ्या हिश्शाच्या आसपास भरतो. बाकीची त्वचेखालच्या साठ्यातून येतात. सुटलेलं पोट गुन्हेगार असण्यापेक्षा कोठार ओसंडल्याचा साक्षीदार जास्त आहे.

यकृत: इथे गाठ बसते

यकृतात चरबी येते तीन वाटांनी. फॅटी लिव्हर असलेल्यांवर केलेल्या एका मोजणीत साधारण ५९ टक्के रक्तातल्या फॅटी अॅसिडमधून, २६ टक्के यकृताने स्वतः साखरेपासून बनवलेली, आणि फक्त १५ टक्के थेट आहारातल्या चरबीतून आली होती. तेल-तूप बंद केलं तरी फॅटी लिव्हर जसंच्या तसं का राहतं, याचं उत्तर बऱ्याच अंशी या आकड्यांत आहे.

मधल्या २६ टक्क्यांत फ्रुक्टोजचा मोठा हात. साध्या साखरेचा निम्मा भाग ग्लुकोज, निम्मा फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं. जास्त प्रमाणात घेतलेलं फ्रुक्टोज मुख्यतः यकृताच्याच गळ्यात पडतं, आणि ते फोडण्याच्या पहिल्या पायरीला 'बास' म्हणणारी यंत्रणा जवळपास नाही. गोड पेय पटकन घशाखाली उतरलं की हा लोंढा एकदम येतो. अख्खं फळ तेवढा त्रास देत नाही, कारण चावायला वेळ लागतो, तंतू असतात, आणि एका बैठकीत मात्रा कमी पडते. रस काढला की हे तिन्ही बचाव गळून पडतात.

यकृतपेशीत फॅटी अॅसिड जाळण्याच्या वा बाहेर पाठवण्याच्या वेगापेक्षा जास्त आली की डायअॅसिलग्लिसरॉल नावाचा अर्धवट तयार झालेला चरबीचा रेणू साचतो. तो प्रोटीन कायनेज सी-एप्सिलॉन या एन्झाइमला चेतवतो, आणि ते एन्झाइम इन्सुलिनच्या ग्राहकाचं पुढचं काम अडवतं. सेरामाइड नावाचे रेणू दुसऱ्या वाटेने तेच करतात. कोण जास्त दोषी, यावर संशोधकांत अजून जुंपलेली आहे. पण तार तोडणारे मुख्य संशयित हेच.

खरी मेख पुढे आहे. बिघडलेलं यकृत इन्सुलिनची एक आज्ञा मोडतं आणि दुसरी पाळतं. 'साखर बनवणं थांबव' हे ऐकत नाही. 'चरबी बनव' हे मात्र इमानेइतबारे करत राहतं. इन्सुलिन जितकं वाढेल तितकी चरबी जास्त. ती चरबी ट्रायग्लिसराइड म्हणून रक्तात जाते, एचडीएल घटतं, आणि काही भाग स्वादुपिंडात साचून बीटा पेशींना दमवतो. वाढलेली साखर आणखी इन्सुलिन मागते. चक्र पूर्ण झालं. वाढलेलं इन्सुलिन आधी की प्रतिरोध आधी, हा वाद म्हणूनच सुटता सुटत नाही. चक्राला दोन्हीकडून धक्का देता येतो.

स्नायू: न वापरलेलं गोदाम

इन्सुलिन भरपूर असताना रक्तातलं जे ग्लुकोज पेशींत जातं, त्यातलं बहुतांश स्नायू घेतात. स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साधारण ४०० ग्रॅम साखर मावते, यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास. पण स्नायूतला साठा तोच स्नायू वापरू शकतो. तो रक्तात परत येत नाही. म्हणजे पाय हलले नाहीत तर पायातलं गोदाम रिकामं होत नाही.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुण, सडपातळ, पण इन्सुलिन प्रतिरोध असलेल्या लोकांना पिष्टमय पदार्थ जास्त असलेली दोन जेवणं दिली. त्यांच्या स्नायूंनी इतरांपेक्षा सुमारे ६० टक्के कमी ग्लायकोजेन साठवलं, आणि यकृतात नव्याने चरबी तयार होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं. स्नायूंनी नाकारलेली साखर यकृताने चरबी करून ठेवली. पोट सुटण्याआधीची, मधुमेहाच्या पुष्कळ आधीची ही पायरी. नंतरच्या प्रयोगात अशाच लोकांनी जेवणाआधी एकदाच ४५ मिनिटं व्यायाम केला, तर स्नायूंचा साठा वाढला आणि यकृतातली चरबीनिर्मिती घटली.

हे एका व्यायामाने होतं कारण आकुंचन पावणाऱ्या स्नायूला इन्सुलिनची गरजच पडत नाही. हालचालीने ग्लूट-४ वेगळ्या मार्गाने पृष्ठभागावर येतो. तो मार्ग प्रतिरोधातही उघडा असतो. आणि वाढलेली संवेदनशीलता पुढे एक-दोन दिवस टिकते. आठवड्यातून एका दिवशी दोन तास घाम गाळण्यापेक्षा दिवसाआड चाळीस मिनिटं बरी, ती यामुळे.

लांब पल्ल्याचे धावपटू इथे एक गंमत करतात. त्यांच्या स्नायूंत चरबीचे थेंब मधुमेहींइतकेच असतात, तरी इन्सुलिन उत्तम चालतं. ते थेंब रोज जाळले आणि रोज भरले जातात, मधले अर्धवट रेणू साचत नाहीत. अडचण साठ्याची कमी, तुंबण्याची जास्त.

वरून तेल ओतणाऱ्या गोष्टी

झोप. निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं तर इन्सुलिनची परिणामकारकता सुमारे २० टक्क्यांनी घसरल्याचं दिसलं आहे, वजन न वाढता. घोरणं आणि झोपेत श्वास अडणं यानेही हेच होतं, आणि ते बहुधा कुणी तपासत नाही. कॉर्टिसोन वर्गातली स्टेरॉइडं काही दिवसांतच साखर चढवतात. ओलांझापीन, क्लोझापीन ही मानसिक आजारांवरची औषधं, काही मूत्रल गोळ्या, जुन्या पिढीतले बीटा ब्लॉकर हेही यादीत आहेत. यातलं कुठलंही औषध मनाने बंद करायचं नाही, डॉक्टरांना पर्याय विचारायचा. वयात येताना आणि गरोदरपणाच्या उत्तरार्धात प्रतिरोध वाढतो, तो निसर्गाचाच बेत. पीसीओएस या अंडाशयाच्या संप्रेरक-विकारात वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं, म्हणून तिथे पाळीची तक्रार आणि हा विषय वेगळे काढता येत नाहीत.

ओळखायचं कसं

उपाशीपोटी घेतलेली साखर (मिलिग्रॅममध्ये) गुणिले इन्सुलिन, भागिले ४०५: हा होमा-आयआर. सुरुवातीच्या दोन माणसांचा तो १.२ आणि ४.७ येतो. २ ते २.५ च्या वर गेला की प्रतिरोध धरतात. पण इन्सुलिनची मोजणी लॅबगणिक बदलते, त्यामुळे एका आकड्यावर फार विसंबू नये.

नेहमीच्या तपासण्यांतूनही पुष्कळ कळतं. मेटाबॉलिक सिंड्रोमसाठी पाचातल्या तीन खुणा पुरतात: वाढलेला कंबरेचा घेर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशी साखर १०० किंवा वर. त्यातही ट्रायग्लिसराइडला एचडीएलने भागून ३ च्या वर येत असेल तर कान टवकारावेत. मानेवर किंवा काखेत काळपट, मखमली कातडी आणि बारीक लोंबते मस हीही जुनी, विश्वासू खूण; घासून न निघणारा तो 'मळ' नसतो.

कंबर मोजताना पँटचा नंबर चालत नाही. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप आडवी धरायची, नेहमीसारखा श्वास सोडून झाल्यावर आकडा वाचायचा. उंचीच्या निम्म्याहून जास्त घेर नको.

तपासण्या फसवतातही. लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, खोटाच चढा दिसू शकतो. आणि कित्येक आठवडे पिष्टमय पदार्थ जवळपास बंद असलेल्याने अचानक ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन चाचणी केली, तर निरोगी शरीरही मधुमेही असल्यासारखं वागतं. त्या चाचणीआधी तीन दिवस रोज निदान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत.

उलटवायचा क्रम

सांडलेली चरबी, त्यातही यकृतातली, लवकर निघते, ही यातली चांगली बातमी. टेलर यांच्या गटाने २०११ मध्ये टाइप २ मधुमेहींना रोज सुमारे ६०० कॅलरींवर ठेवलं, तर यकृताचा प्रतिरोध ७ दिवसांत नॉर्मलला आला. स्वादुपिंडाला आठ आठवडे लागले. पुढच्या डायरेक्ट या चाचणीत, निदानाला सहा वर्षांपेक्षा कमी झालेल्यांना तीन ते पाच महिने रोज ८२५ ते ८५३ कॅलरी दिल्या. वर्षाअखेर ४६ टक्के लोक औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते, आणि ज्यांनी १५ किलो किंवा जास्त घटवलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. हे प्रयोग देखरेखीखालचे होते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना असा आहार परस्पर सुरू केला तर साखर धोकादायक खाली जाते. डोस आधी कमी करावे लागतात.

मधुमेह अजून झालेला नसेल तर इतकं टोकाला जायची गरज नसते. २००२ च्या अमेरिकी डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं हे लक्ष्य ठेवलं होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी.

घरी सुरुवात करताना साखरेची पेयं आणि रस सर्वांत आधी जावेत, कारण इतक्या कमी कष्टात यकृताला इतका आराम दुसऱ्या कशाने मिळत नाही. जेवणात भाजी-सॅलड आणि प्रथिनं आधी, पिष्टमय पदार्थ नंतर, एवढ्या क्रमबदलानेही जेवणानंतरचं शिखर बुटकं होतं. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत १०-१५ मिनिटं चालावं. आठवड्यातून दोन-तीनदा वजनाचे व्यायाम हवेतच, आणि त्यात मांड्या, नितंब, पाठ हे मोठे स्नायू आधी. नुसतं कमी खाऊन वजन उतरवणाऱ्यांची चूक इथेच होते: चरबीबरोबर स्नायूही झडतात, म्हणजे साखर घेणारं गोदामच लहान होतं, आणि वजन परतलं की ते बहुतांशी चरबी म्हणून परततं. वजन कमी करताना प्रथिनं शरीराच्या दर किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास असावीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

ट्रायग्लिसराइड तीन-चार आठवड्यांतच हलू लागतात, कंबर त्यामागोमाग. एचबीए१सी तीन महिन्यांआधी परत करण्यात अर्थ नाही, कारण तांबड्या पेशींचं आयुष्यच साधारण १२० दिवसांचं. इन्सुलिन पुन्हा मोजायचं असेल तर त्याच लॅबमध्ये, १० ते १२ तास उपाशी राहून, आणि आदल्या रात्री पुरेशी झोप झालेली असतानाच.